तक्रारदाराचं नाव

चूक माझी होती, आणि ती करायला मला अर्धं मिनिटही लागलं नव्हतं. पोलिसांना फोन मी केला. फटाके थांबवा म्हणून सांगितलं, ते योग्यच होतं; त्याबद्दल मला आजही काही वाटत नाही. पण पलीकडून विचारणा झाली, "तक्रारदाराचं नाव?" तेव्हा मी माझं नाव सांगितलं नाही. मी सरांचं नाव सांगितलं.

सर म्हणजे मला तिसरी-चौथीला शिकवणारे, आमच्या आळीच्या टोकाच्या घरात राहणारे सर. गावातले जुनेजाणते त्यांना मास्तर म्हणत. ते मूळचे गावचे नव्हेत. नोकरीच्या सुरुवातीला शाळेवर आले आणि निवृत्त झाल्यावरही इथेच राहिले. वर्गात आम्ही पुटपुटत उत्तर दिलं, की ते खडू खाली ठेवून म्हणत, "मागच्या बाकापर्यंत ऐकू येऊ दे." उत्तर चुकलं तरी चालायचं, पण मागच्या बाकाला ते ऐकू गेलं पाहिजे. माझं बहुतेक चुकायचं आणि मागच्या बाकावर हशा व्हायचा.

आमचं गाव भिवंडीच्या दक्षिणेला, मानकोली नाक्यावरून आत गेलं की खाडीच्या अंगाला. बेचाळीस उंबरे. माझ्या लहानपणी भातशेती आणि खाडीतली मासळी यांवर घरं चालायची. दोन हजार सालानंतर शेतांवर गोदामं उभी राहू लागली आणि गावाचं रूप पालटलं. घरं दुमजली झाली, दारात गाड्या आल्या, आणि हळदी मोठ्या होऊ लागल्या. आमच्याकडे लग्नापेक्षा हळदीचा थाट जास्त. मांडव, जेवणावळी, नाचायला बेंजोचा ताफा, आणि मग फटाके. एका घरानं पाच हजारांची माळ लावली की पुढच्या घराला दहा हजारांची लावावीच लागे. सुतळी बॉम्बच्या पेट्या मोजून नाही, टेम्पो भरून येत.

मी स्वतः नारपोलीत एका लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या, कारखान्यात सुपरवायझर होतो. दोन शिफ्ट, चोवीस लूम. ज्यानं लूमच्या शेडमध्ये उभं राहून पाहिलं नाही, त्याला तो आवाज सांगून कळणार नाही. शेजारच्या माणसाच्या कानाशी तोंड नेऊन ओरडावं लागतं. घरी आल्यावरही तीच सवय राहते. बायको म्हणायची, "अवो, मी समोर उभी हाय, कल्याणला न्हाय." त्यामुळे आम्हा भिवंडीकरांचा एक ठाम समज होता, की आवाजाचं आम्हाला काय. आमचे वडील सुताच्या गोण्यांवर, चालत्या लूमशेजारी गाढ झोपायचे. वीज गेली आणि लूम थांबले की दचकून जागे व्हायचे. बाहेरच्या माणसानं फटाक्यांचा त्रास होतो म्हटलं, की आम्ही हसायचो. मीही हसायचो.

सर मात्र हसले नव्हते. त्या सुमारास कोर्टाचा निकाल पेपरात आला होता. सरांनी कात्रण काढलं, आणि ते बारीक अक्षरातलं कुणी वाचणार नाही म्हणून आपल्या सुबक अक्षरात मोठ्या कागदावर उतरवून देवळाजवळच्या फळ्यावर लावलं. रात्री दहा ते सकाळी सहापर्यंत आवाजाचे फटाके लावायला बंदी. दवाखाना, शाळा यांच्या शंभर मीटरच्या आत कधीच लावायचे नाहीत. ठरलेल्या मर्यादेपेक्षा मोठा आवाज करणारा फटाका बनवायचा नाही, विकायचाही नाही. खाली लिहिलं होतं: त्रास होत असल्यास शंभर नंबरवर किंवा पोलीस ठाण्यात कळवावे, ठिकाण, वेळ आणि काय चालले आहे ते सांगावे. कागद आठ दिवस राहिला. मग त्यावर कुणीतरी क्रिकेटच्या सामन्याची जाहिरात चिकटवली. सरांनी ती काढली नाही. नवा कागद लिहून शेजारी लावला.

त्या वैशाखात माझ्या चुलतभावाच्या मोठ्या मुलाची हळद होती. हा चुलतभाऊ माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठा; आम्ही सगळे त्याला दादा म्हणायचो. गावात त्याचा शब्द चालायचा. फटाके आणायचं काम त्यानं माझ्यावर सोपवलं आणि मी ते आनंदानं केलं. दोन फेऱ्या टेम्पो भरून आणला. दादा पेट्यांकडे बघून म्हणाला, "बास काय एवढे? वरच्या आळीला ऐकू जातील ना?" मी म्हणालो, "दादा, ठाण्याला ऐकू जातील."

माझी मुलगी तेव्हा अकरा दिवसांची होती. दिवस भरायच्या आधीच जन्मलेली, वजन कमी. डॉक्टरांनी ऊब आणि शांतता दोन्ही सांगितल्या होत्या. मी ऊब लक्षात ठेवली.

दादाचा मांडव आमच्या घरापासून तीन घरं सोडून. नऊ वाजता माळ सुरू झाली. बायको मुलीला घेऊन आतल्या खोलीत बसली होती, दाराच्या फटीत गोधडी कोंबलेली, आणि दोन्ही तळव्यांनी त्या एवढ्याशा डोक्याच्या बाजू झाकलेल्या. सुतळी बॉम्ब फुटला की मुलीचे हातपाय एकदम ताणले जात, पाठ उचलली जाई, आणि मग तोंड उघडून ती रडायचा प्रयत्न करी. पहिल्यांदा रडू यायचं. पुढे पुढे ते येईनासं झालं. तोंड उघडायचं, आवाज नाही, ओठ निळसर. लूमचा आवाज एका चालीचा असतो, शरीर त्याच्याबरोबर चालायला शिकतं. बॉम्बबरोबर कुणीच चालू शकत नाही, हे मला तिच्या अंगाकडे बघताना कळलं. पस्तीस वर्षं मी जे हसण्यावारी नेलं, ते तिनं मला काही मिनिटांत शिकवलं.

बायको म्हणाली, "जा ना, दादांना सांगा."

तीन घरांचं अंतर. मी गेलो नाही. भर मांडवात, सगळ्या भावकीसमोर, टेम्पोतून पेट्या आणणारा मी जाऊन काय सांगणार? "बायकोनं पाठवला काय रं?" असं कुणीतरी म्हणणार आणि मांडव हसणार. मी तासभर नुसता येरझारा घालत राहिलो. दहा वाजून गेले, आवाज वाढतच गेला, तेव्हा मी ओटीवरच्या फोनजवळ गेलो आणि सरांच्या कागदावरचा नंबर फिरवला.

आयुष्यात पहिल्यांदा मी इतक्या हळू बोललो असेन. ठिकाण सांगितलं, वेळ सांगितली, काय चाललंय ते सांगितलं. सगळं सरांनी लिहिलं होतं तसंच. आणि मग तो प्रश्न आला. माझ्या डोळ्यांसमोर फळ्यावरचा कागद होता, त्याखालची सरांची सही होती. तोंडातून तेच नाव गेलं. मुद्दाम ठरवून सांगितलं नाही, असं मी खूप वर्षं स्वतःला समजावत होतो. ते खरं नाही. नाव तोंडातून गेल्यावर मला सुटल्यासारखं वाटलं होतं, ते मला नीट आठवतं.

फोन ठेवला आणि मी धावत मांडवात गेलो. मी तिथे दिसलो पाहिजे म्हणून.

पोलिसांची गाडी वीस मिनिटांत आली. एक हवालदार आणि एक शिपाई. हवालदार शांतपणे म्हणाला, "दहाच्या पुढे बंदी आहे, माहीत नाही का? बंद करा." दादानं विचारलं, "कुनाला तरास झाला, साहेब? इथं सगली आमचीच घरं हायत." हवालदारानं हातातल्या कागदाकडे बघून सरांचं नाव घेतलं.

मांडवातल्या माणसांनी माना वळवल्या. आळीच्या टोकाला सरांची खिडकी अंधारी होती. सर संध्याकाळी येऊन, आहेर देऊन, जेवून गेले होते. ते मटण खात नाहीत म्हणून वहिनीनं त्यांच्यासाठी वेगळी भाजी-पुरी केली होती.

"बगा," दादा म्हणाला, "सवती भाजी शिजवली त्याच्यासाठी. खाल्ली, हात धुतला, नि घरी जाऊन फोन केला."

कुणीतरी म्हणालं, "मास्तर हाय तो. शालेतली पोरं गेली, आता गावाला छड्या मारतंय."

मांडव हसला. मग एकदम शांत झाला. त्या शांततेत मला बोलता आलं असतं. हवालदार समोर होता, दादा समोर होता, एका वाक्याचं काम होतं. मी पुढे झालो, हात जोडले आणि म्हणालो, "साहेब, चहा घेऊन जा."

फटाके थांबले. मुलगी पहाटेपर्यंत शांत झोपली.

पुढच्या दिवसांत सरांना कुणी काही विचारलं नाही. कुणी भांडलंही नाही. आमच्या गावात रागाची एक वेगळीच रीत होती. हळदीचं, लग्नाचं, पूजेचं बोलावणं पत्रिकेनं पुरं होत नसे; भावकीतला एक माणूस ताटात हळदकुंकू लावलेले तांदूळ घेऊन घरोघरी जायचा आणि दोन दाणे उंबऱ्यावर ठेवून आवतण द्यायचा. पहिलं गावदेवीला, मग वरच्या आळीपासून एकेक उंबरा. ज्याच्या उंबऱ्यावर तांदूळ पडले नाहीत, त्याला गावानं टाकलं. त्या मोसमातल्या चार कार्यांना आवतणाचं ताट सरांच्या दारावरून पुढे गेलं. काकू, म्हणजे सरांची बायको, दारात रांगोळी घालत असताना पुढे गेलं.

सरांनी एकदा मलाच विचारलं. मी कामाला निघालो होतो, ते नाक्यावर रिक्षाची वाट बघत उभे होते. म्हणाले, "काय रे, माझं काही चुकलंय का? गावाचं बोलणं बंद झालंय." पोलिसांकडे आपलं नाव गेल्याचं त्यांना माहीतच नव्हतं. सांगणार कोण? मी म्हणालो, "तसं काही नाही, सर. लोक कामात असतात." माझी रिक्षा आली. त्यांच्याच बाजूला जाणारी. मी त्यांना "चला" म्हणालो नाही.

आणखी एक गोष्ट लिहायला जड जाते. गावातल्या सगळ्या लग्नपत्रिकांवरची नावं वर्षानुवर्षं सर लिहीत. हिरव्या शाईनं, वळणदार. त्या उन्हाळ्यानंतर लोक पत्रिकांचे गठ्ठे घेऊन माझ्याकडे येऊ लागले. "तुजा अक्षर मास्तरासारखाच हाय," ते म्हणत. असणारच. त्यांनीच तर गिरवून घेतलं होतं. मी लिहायचो. यादीत सरांच्या नावावर काट मारलेली असायची, आणि मी त्या काटेखालचं नाव वाचून पुढच्या नावावर जायचो.

काकू मात्र आमच्याकडे येत राहिल्या. मुलीला रोज बाळगुटी उगाळून द्यायच्या. कोणती मुळी किती वेढे, हे त्यांच्या बोटांना पाठ होतं. मुलीनं बाळसं धरलं त्यात त्या गुटीचा वाटा होता. एकदा मुलीला मांडीवर घेऊन त्या बायकोला म्हणाल्या, "त्या हळदीला पोलीस आले होते म्हणे. फोन कुणी का केलेला असेना, आपल्या या बाळाला तर बरंच झालं." मी बाजूलाच जेवत होतो. मी आणखी भाजी वाढून घेतली.

दिवाळीला गावात घरोघर फराळाची ताटं फिरतात. सरांच्या घरून एकवीस ताटं निघाली. काकूंनी नेहमीप्रमाणे केली होती. त्यांच्याकडे परत आलं एकच, आमचं.

मार्गशीर्ष लागायच्या आधी एके संध्याकाळी कामावरून आलो, तर बायको दारातच भेटली. म्हणाली, "काकूंच्या मुलीचं लग्न ठरलं. कल्याणला हॉल घेतायत. तीस माणसं फक्त."

"गावात का नाही?" मी विचारलं.

"येनार कोन गावात? त्यांच्या घरचं आवतण कोन फिरवनार? काकू बोलल्या, पोरीला वाटतंय आपलंच गाव हाय, आपल्याच दारात मांडव पडावा. रडत होती ती."

सरांच्या थोरल्या मुलीच्या लग्नात आवतणाचं ताट माझ्या वडिलांनी फिरवलं होतं. सर भावकीतले नव्हेत, म्हणून वडिलांनी हट्टानं ताट स्वतःच्या हाती घेतलं होतं. मी तेव्हा त्यांच्याबरोबर चार घरं चाललो होतो. ती धाकटी मुलगी परकराचा ओचा धरून आमच्या मागे पळत होती आणि प्रत्येक उंबऱ्यावर "मी पण टाकते" म्हणून तांदूळ मागत होती. आता तिच्याच लग्नाला तिच्या गावातलं कुणी नसणार होतं. आणि ते माझ्या एका शब्दामुळे.

मी बायकोला सांगितलं. तिथेच, चपला न काढता.

मुलगी तोवर बसायला लागली होती. चटईवर बसून पेल्यानं जमीन ठोकत होती. बायको तिच्याकडे बघत म्हणाली, "त्यांच्या हातची गुटी पाजत होते मी. रोज. तुमच्या लेकीला."

"माहीत आहे."

"न्हाय, तुमाला माहीत न्हाय. तुमी कामाला जात होता." मग उठून तिनं मुलीच्या हातातला पेला काढून घेतला आणि म्हणाली, "आता इथं उभं राहून काय उपेग? दादांना आधी सांगा. आज. उद्या तुमचे पाय मागे येतील."

ती मला बरोबर ओळखून होती.

दादा ओटीवर दाढी करत बसला होता, अर्धा गाल फेसानं भरलेला. मी सगळं सांगितलं. तो वस्तरा हातात धरून माझ्याकडे बघत राहिला.

"तू?" तो म्हणाला. "तूच तर पेट्या आनल्यास!"

"हो."

"ठाण्याला ऐकू जातील बोललास!"

"हो, दादा."

"मंग मना येऊन सांगायचं व्हतं. पोर आजारी हाय बोलला असतास, तर मी काय रावन हाय? पानी वतलं असतं मालेवर." त्याचा आवाज चढला. घरातली माणसं दारात आली. "सात महिनं मी त्या मानसाच्या दारावरनं थुंकत जातोय. तुज्यापाई!"

मी मान खाली घातली. तो अजून बरंच बोलला. ते मला ऐकायलाच हवं होतं. दम लागला तसा तो खाली बसला, उरलेला गाल तसाच ठेवून तोंड पुसलं आणि म्हणाला, "मना मटन खावाचंच माहीत, पन त्या दिवशी मास्तरानं भाजी दोनदा मागून घेतली व्हती. तुज्या वहिनीला बोलला, अशी भाजी आमचे घरी व्हत न्हाय." मग थोड्या वेळानं, "जा. सगल्यांना सांग. माजे एकट्याला सांगून काय?"

म्हणून मी आवतणाच्या रीतीनं निघालो, फक्त हात रिकामे. आधी गावदेवीला. ते सोपं गेलं. देवी काही बोलली नाही. मग वरच्या आळीपासून एकेक उंबरा. मला त्या क्रमानं येताना बघून पहिल्याच घरातल्या म्हातारीनं विचारलं, "कुनाची हळद रं? नि ताट कुठं विसरलास?" मी दारातच उभा राहून म्हणालो, "काकी, त्या रात्री पोलिसांना फोन मी केला होता. नाव सरांचं सांगितलं. त्यांना काहीच माहीत नव्हतं. त्यांच्या मुलीचं लग्न आहे. मी ताट घेऊन आलो, तर याल का?"

प्रत्येक दारी हेच. कुठे शिव्या मिळाल्या, कुठे दार लोटलं गेलं. एकानं सुनावलं, "नि परत कदी फोन करनार असशील, तर आमचं नाव नको सांगूस हां." त्याच्या घरातली सगळी हसली आणि मला वाटलं, हे हसू मला आधी सोसता आलं असतं, तर पुढचं काही घडलंच नसतं. बऱ्याच घरांत बायकाच पुढे आल्या. एकीनं सांगितलं, तिचे सासरे हृदयविकाराचे. प्रत्येक हळदीला ती त्यांना माहेरी, गणेशपुरीजवळच्या खेड्यात नेऊन ठेवते. दुसरीचा नवरा रात्रपाळी करून आलेला असतो, दिवसा माळा लागतात तेव्हा झोपलेला. तिसरीच्या घरची म्हैस बिचकते आणि पान्हा चोरते. सगळ्यांना त्रास होत होता. सगळ्यांना वाटत होतं, आपण एकटेच.

एक्केचाळीस उंबरे झाले. बेचाळिसावा उरला.

त्याच्या आधी पुढचं थोडं सांगून टाकतो. तेवढाच तो उंबरा लांबवता येतो, हे मी कबूल करतो. सरांनी कल्याणचा हॉल सोडला. मांडव दादाच्या मोकळ्या जागेत पडला, कारण सरांचं अंगण लहान. ताट मी फिरवलं. माझ्या मागे सरांची मुलगी आली नाही, पण तिनं तांदळाला हळदकुंकू स्वतः लावून दिलं होतं. त्या हळदीला फुलबाज्या आणि भुईनळे लागले, बॉम्ब एकही नाही, आणि साडेनऊला सगळं आवरलं. बेंजोवाल्यांनाही घरी जायची घाई असते, हे तेव्हा कळलं.

पुढच्या मोसमाआधी देवळात गाव जमलं. तोच हवालदार आला होता. त्यानं नियम सांगितले, सरांच्या कागदावर होते तेच. एकानं त्याला विचारलं, "साहेब, फोन करनाऱ्यानं नाव सांगायलाच लागतं काय?" हवालदार म्हणाला, "सांगितलं तर आम्ही लिहितो. नाही सांगितलं तरी येतो. आवाज काय आम्हाला रस्त्यावरून ऐकू येत नाही?" सगळं देऊळ माझ्याकडे बघू लागलं. म्हणजे त्या रात्री मी कुणाचंच नाव सांगितलं नसतं, तरी चाललं असतं.

तिथे ठरलं, की साडेनऊच्या पुढे फटाका नाही, शाळेच्या आणि दवाखान्याच्या बाजूला कधीच नाही, आणि कुणाच्या घरी आजारी किंवा बाळंतीण असेल तर कार्यवाल्याला आधी येऊन सांगायचं, त्यानं ऐकायचं. तरीही नाही ऐकलं, तर बेलाशक फोन करायचा. सरांनी हे सगळं फळ्यावरच्या कागदावर लिहिलं, हिरव्या शाईनं. खाली एक ओळ सोडली आणि पेन माझ्यापुढे धरलं. "तक्रार करायला कुणाला संकोच वाटत असेल, तर कुणाच्या नावानं करायची, तेवढं तुझ्या हातानं लिही." मी माझं नाव लिहिलं. गाव नियम नेहमीच पाळतं असं नाही. पण त्यानंतर माझ्या नावानं तीनदा तक्रार गेली. एक तर दादाच्याच घरची होती, दादाच्याच धाकट्या मुलाविरुद्ध, आणि ती दादानं स्वतः केली होती. दुसऱ्या दिवशी मला म्हणाला, "आता फिटलं."

सरांनी मला माफ केलं का? ते त्यांनी शब्दांत कधी सांगितलं नाही. ताट दिलं, पेन दिलं. मी जास्त विचारलं नाही.

आता तो उंबरा. एक्केचाळीस घरांत ही गोष्ट पोचली होती, पण त्या घराला पत्ता नव्हता, कारण त्या घराशी कुणी बोलतच नव्हतं. दार उघडं होतं. सर टेबलाशी बसून पत्रिकांवर नावं लिहीत होते. गठ्ठा अगदी लहान होता. काकू आत पोळ्या करत होत्या; लाटण्याचा आवाज येत होता.

"ये," सर म्हणाले. "बस. तुझी पत्रिका आत्ताच लिहिली."

त्यांनी ती माझ्यापुढे धरली. माझं नाव, हिरव्या शाईत. मला ती घेता येईना. उंबऱ्याच्या बाहेरच उभं राहून मी सांगायला लागलो. काय झालं, किती वाजता, कुणाला फोन केला, आणि नाव कुणाचं सांगितलं. एक्केचाळीस दारांवर जे धडाधड म्हटलं होतं, ते इथे ओठांतून बाहेर येईना. फोनवर बोललो होतो तसाच माझा आवाज खाली गेला होता.

लाटण्याचा आवाज थांबला. काकू पीठभरल्या हातांनी दारात येऊन उभ्या राहिल्या.

सरांनी पेनाला टोपण लावलं. पेन टेबलावर ठेवलं, पूर्वी खडू ठेवत तसं. माझ्याकडे बघितलं. चेहऱ्यावर राग होता, आणि तो लपवायचा त्यांनी प्रयत्न केला नाही.

"मागच्या बाकापर्यंत ऐकू येऊ दे," ते म्हणाले.

मी श्वास घेतला आणि लूमच्या शेडमध्ये बोलतो तसा बोललो. शेजारच्या घरातले लोक बाहेर आले, पलीकडच्या ओट्यावर दादा उभा राहिला, साऱ्या आळीनं ते ऐकलं.

"सर, फोन मी केला होता. भित्रेपणानं नाव तुमचं सांगितलं. नंतर सात महिने गप्प बसलो, तो त्याहून मोठा गुन्हा. चूक माझी आहे, तुमची काहीच नाही. मला माफ करा. काकू, तुम्हीपण मला माफ करा."